पुनर्वसूभोवतीचा ग्रह: राक्षसी ताऱ्यांच्या वेगातून ग्रह कसा शोधायचा आणि कधी नाकारायचा

१९९३ साली टेक्सासमधल्या आर्टी हॅट्झेस आणि विल्यम कॉक्रन यांनी तीन ठळक ताऱ्यांबद्दल एक निरीक्षण छापलं. या ताऱ्यांचा आपल्या दिशेने येण्या-जाण्याचा वेग शेकडो दिवसांच्या लयीत कमीजास्त होतो, असं त्यात होतं. तारे होते आर्क्टुरस, अल्डेबरन आणि पॉलक्स. आपल्याकडे ते स्वाती, रोहिणी आणि पुनर्वसू या नक्षत्रांचे तारे म्हणून ओळखले जातात. तिन्ही नारिंगी राक्षसी तारे आहेत, आणि तिघांच्याही मागे ग्रह असेल अशी शंका तेव्हापासून आहे.

आजचा हिशेब असा: पॉलक्सचा ग्रह २००६ साली मान्य झाला. रोहिणीचा २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २०१९ मध्ये जास्तीच्या मापनांनी त्याच्या विरोधात साक्ष दिली. स्वातीच्या नावावर मान्य झालेला ग्रह अजून एकही नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी एक-दोन विद्यार्थ्यांकडून हा प्रकल्प करून घेतो. बहुतेकांना तिसऱ्या दिवशी ‘ग्रह’ सापडतो, आणि उरलेलं सत्र तो ग्रह आहे की नाही हे ठरवण्यात जातं. या लेखाचा तोलही तसाच आहे. बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र, थोडं पायथन आणि एक साधा लॅपटॉप एवढी तयारी पुरते. उदाहरण म्हणून पॉलक्स घेऊ.

आधी वहीत एक हिशेब

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही दोघांच्या समाईक केंद्राभोवती छोटीशी फेरी मारतो. त्या फेरीतला आपल्या नजरेच्या रेषेतला भाग म्हणजे अरीय वेग, ज्याला सगळे सरसकट रेडियल व्हेलॉसिटी किंवा नुसतं ‘आरव्ही’ म्हणतात. वेग मधल्या पातळीच्या वर जितका जातो तितकाच खालीही जातो. त्या एका बाजूच्या उंचीला आयाम म्हणू.

लक्षात ठेवायचा आकडा एकच, २८.४. सूर्याएवढ्या ताऱ्याभोवती गुरूएवढा ग्रह एका वर्षात एक फेरी मारत असेल, तर ताऱ्याच्या वेगाचा आयाम सेकंदाला २८.४ मीटर येतो. ग्रहाचं वस्तुमान दुप्पट झालं तर आयामही दुप्पट होतो. ताऱ्याचं वस्तुमान वाढलं तर त्याच्या दोन तृतीयांश घाताने आयाम घटतो, आणि आवर्तकाल वाढला तर एक तृतीयांश घाताने. कक्षा लांबट असेल तर आयाम वाढतो, पण तो हिशेब इथे सोडून देऊ.

स्वतःला पटावं म्हणून आपला गुरू घालून बघा. ११.८६ वर्षांचं घनमूळ २.२८. २८.४ भागिले २.२८ म्हणजे साधारण १२.५ मीटर प्रति सेकंद. दूरच्या कुणी सूर्याकडे बघत असेल तर गुरूमुळे सूर्य त्याला एवढाच हलताना दिसेल, म्हणजे ऑलिंपिकमधल्या धावपटूच्या वेगाने.

हे वहीत करायला लावण्यामागे कारण आहे. पुढे सॉफ्टवेअर तुम्हाला दशांशचिन्हानंतर चार अंकी उत्तर देईल. ते उत्तर बरोबरच्या आसपास तरी आहे का, हे सांगणारी गोष्ट फक्त ही वही.

राक्षसी ताऱ्यांच्या वाटेला का जायचं?

सूर्याच्या दीड-दोनपट वस्तुमानाच्या ताऱ्यांभोवती ग्रह किती असतात, हे कळायला दुसरा सोपा मार्ग नाही. असे तारे भर तारुण्यात तापलेले असतात. त्यांच्या वर्णपटात रेषा मोजक्याच असतात आणि ते स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतात की त्या मोजक्या रेषाही फिसकटतात. अशा पसरट रेषेचं केंद्र नेमकं ठरवणं म्हणजे ओल्या कागदावरच्या शाईच्या डागाचा मध्य शोधण्यासारखं आहे. हाच तारा म्हातारा होऊन फुगला की पृष्ठभाग ४५००–५००० केल्विनपर्यंत थंड होतो, फिरणं मंदावतं आणि वर्णपटात हजारो बारीक, धारदार रेषा उमटतात. मग मापन जमतं.

या वाटेने पहिला पक्का ग्रह २००२ मध्ये मिळाला, कालेय तारकासमूहातल्या आयोटा ड्रॅकोनिस या ताऱ्याभोवती. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत साबिने फ्रिंक आणि सहकाऱ्यांनी ०.६ मीटरच्या दुर्बिणीचा प्रकाश मोठ्या वर्णपटमापकात सोडून तो शोधला. ०.६ मीटर! तारे ठळक असल्याचा हा फायदा. पुढच्याच वर्षी जपानमध्ये ओकायामाच्या १.८८ मीटर दुर्बिणीतून बुनेई सातो यांच्या गटाने एचडी १०४९८५ या राक्षसी ताऱ्याचा ग्रह जाहीर केला.

तारा निवडताना

माझा नियम सोपा आहे. आधी रंग बघा, मग व्यास, आणि ग्रहाचा विचार त्यानंतर.

खगोलशास्त्रात रंग बी-वजा-व्ही या आकड्याने सांगतात. आकडा जितका मोठा, तितका तारा तांबडा. लिकच्या सर्वेक्षणातून दिसलं की साधारण १.२ च्या खालचे राक्षसी तारे बऱ्यापैकी शांत असतात आणि त्यापुढे वेगाची बेशिस्त वाढत जाते. पॉलक्सचा आकडा १.० आहे, आयोटा ड्रॅकोनिसचा १.१८. स्वाती १.२३, म्हणजे अगदी उंबऱ्यावर. रोहिणी १.५४. ही यादी वाचल्यावर कुणाचा ग्रह टिकला आणि कुणाचा नाही, हा सुरुवातीचा हिशेब अचानक समजू लागतो.

व्यासाचंही तसंच. पॉलक्स सूर्याच्या सुमारे नऊपट रुंद आहे, रोहिणी सुमारे ४४ पट. सूर्याच्या वीसेक पटींहून मोठ्या ताऱ्यांभोवती जाहीर झालेल्या ग्रहांपैकी पुष्कळांचे आवर्तकाल संशयास्पदरीत्या ३०० ते ८०० दिवसांच्या पट्ट्यात गर्दी करतात, हे अलीकडे लक्षात आलं आहे. ग्रहांना एवढी शिस्त कुठून आली, हा प्रश्न पडायला हवा. पहिल्या प्रकल्पाला रोहिणी घेऊ नका. मोह होतो, मला ठाऊक आहे.

वेगाचा आकडा येतो कुठून

हा भाग वेधशाळेत घडतो, पण तो समजल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये.

पॉलक्सच्या वेगाचा आयाम सेकंदाला ४१ मीटर आहे. प्रकाशाच्या वेगाने भागलं की डॉप्लर परिणामामुळे ५५०० अँगस्ट्रॉमची रेषा ०.०००७५ अँगस्ट्रॉम सरकते. चांगल्या एशेल वर्णपटमापकात (जो वर्णपटाच्या पट्ट्या एकाखाली एक मांडतो) कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर साधारण एक किलोमीटर प्रति सेकंद एवढा वेग मावतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली हालचाल पिक्सेलच्या पंचविसाव्या भागाएवढी झाली. एका रेषेवरून ती कळत नाही, हजारो रेषांची सरासरी काढल्यावर कळते.

अडचण अशी की तेवढी हालचाल खोलीचं तापमान किंचित बदललं तरी होते. म्हणून ताऱ्याच्या प्रकाशातच मोजपट्टी मिसळतात. आयोडीनची वाफ भरलेली काचेची कुपी, तापवून स्थिर तापमानाला ठेवलेली, प्रकाशाच्या वाटेत ठेवली की ५००० ते ६२०० अँगस्ट्रॉमच्या दरम्यान आयोडीनच्या असंख्य बारीक रेषा ताऱ्याच्या वर्णपटावर उमटतात. उपकरण हललं तर दोन्ही रेषा हलतात, तारा हलला तर फक्त त्याच्या. आयोडीनच्या आधी कॅनडाच्या ब्रूस कॅम्बेल आणि गॉर्डन वॉकर यांनी याच कामासाठी हायड्रोजन फ्लोराइड वापरला होता. तो वायू विषारी आणि काच खाणारा. दुर्बिणीवर तो सांभाळत रात्र काढणाऱ्यांना माझा नमस्कार.

दुसरी रीत म्हणजे उपकरण निर्वात पेटीत ठेवून तापमान कडेकोट राखायचं आणि शेजारच्या तंतूतून थोरियम-आर्गॉनच्या दिव्याचा प्रकाश सोडायचा. चिलीमधलं हार्प्स असं चालतं. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचं माउंट अबूच्या गुरुशिखरावरचं ‘पारस’ही याच जातीचं. पारसने शोधलेल्या टीओआय-१७८९ बी या ग्रहाचा तारा राक्षसी नाही, पण त्या वाटेला नुकताच लागलेला आहे.

आकडे जमवणं आणि पुसून घेणं

पॉलक्सची प्रकाशित मापनं शोधनिबंधांच्या तक्त्यांत आहेत. नासाच्या एक्सोप्लॅनेट अर्काइव्हमध्ये आणि स्ट्रासबर्गच्या व्हिझिएर संग्रहात ताऱ्याच्या नावाने शोधा. तिथे पॉलक्स, बीटा जेमिनोरम आणि एचडी ६२५०९ ही एकाच ताऱ्याची नावं आहेत. तुम्हाला तीन स्तंभ लागतात: वेळ, वेग आणि वेगाची त्रुटी. चौथा मी हाताने वाढवतो, कुठल्या उपकरणाचा आकडा आहे तो.

या चौथ्या स्तंभाची किंमत मला चुकूनच कळली. पहिल्या खेपेला मी दोन वेधशाळांचे आकडे एकाखाली एक चिकटवले आणि आलेख काढला. पॉलक्सला सोळा वर्षांचा दुसरा ग्रह! चहा थंड होईस्तोवर मी त्याची कक्षा बसवत होतो. मग ध्यानात आलं की एक संच जिथे संपतो तिथेच माझ्या ग्रहाने पायरी चढली होती. आयोडीनच्या पद्धतीत वेगाचं शून्य प्रत्येक उपकरणाने आपलं आपण ठरवलेलं असतं. म्हणून कक्षा बसवताना प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र शून्य द्यायचं आणि ते किती हे गणितालाच शोधू द्यायचं. त्याच उपकरणाचा कॅमेरा बदलला असेल तरी नवं शून्य धरा.

वेळेचं दुखणं वेगळं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने पळते, शिवाय स्वतःभोवती फिरते. हा सगळा वेग वजा करून सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरून मोजल्यासारखा आकडा करावा लागतो. प्रकाशित तक्त्यात हे बहुधा केलेलं असतं, पुन्हा करू नका. कच्चे वर्णपट वापरत असाल तर वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे ना, हे दोनदा बघा. भारतीय वेळ चुकून तशीच घातली तर साडेपाच तासांच्या फरकाने वेग काहीशे मीटरने चुकू शकतो, आणि एका मिनिटाच्या चुकीनेही दोनेक मीटर जातात. ज्युलियन दिनांक म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, तिचीही शेपटी तपासा. कुणी पूर्ण छापतं, कुणी २४००००० वजा करून, कुणी २४०००००.५.

ताऱ्याची थरथर

राक्षसी तारा घंटेसारखा सतत किणकिणत असतो. पृष्ठभागाखाली उकळणाऱ्या वायूमुळे त्याच्यात ध्वनिलहरी उठतात आणि पृष्ठभाग वरखाली होतो. हा वेग ग्रहाच्या वेगात मिसळतो.

किती मिसळतो याचा अंदाजही वहीत निघतो. ताऱ्याची दीप्ती सूर्याच्या पटीत घ्या, तिला ताऱ्याच्या वस्तुमानाने भागा आणि ०.२३४ ने गुणा. उत्तर मीटर प्रति सेकंदात मिळतं. पॉलक्सची दीप्ती ४०-४२ पट आणि वस्तुमान १.८ धरलं तर उत्तर पाचेक मीटर येतं. रोहिणीची दीप्ती सुमारे ४४० पट, वस्तुमान १.१ च्या आसपास: नव्वदच्या वर. एकाच सूत्राने एक तारा प्रकल्पाला योग्य ठरला आणि दुसरा बाद झाला.

थरथरीचा ठेकाही महत्त्वाचा. पॉलक्सची मुख्य थरथर सुमारे तीन तासांची आहे, त्यामुळे एका रात्री तासा-दीड तासाच्या अंतराने दोन-तीन मापनं घेऊन सरासरी काढली की ती बरीचशी मरते. रोहिणीची थरथर पाच-सहा दिवसांची. तिला मारायला सलग आठवडाभर दुर्बीण हवी, आणि ती कोण देतं?

मग मापनं किती लागतील? विखुरणी, म्हणजे मापनं खऱ्या वेगापासून साधारण किती लांब पडतात ते, दहा मीटर असेल आणि ५० मापनं नीट पसरलेली असतील, तर आयामातली त्रुटी साधारण विखुरणी गुणिले दोन-भागिले-पन्नासचं वर्गमूळ, म्हणजे दोन मीटर. ४१ मीटरच्या इशाऱ्याला हे भरपूर झालं. पण ही पन्नास मापनं एका हिवाळ्यात उरकलेली नकोत. किमान तीन फेऱ्या व्हाव्यात, म्हणजे पॉलक्सच्या बाबतीत पाच वर्षं.

आवर्तकाल शोधणं, आणि तरण्या पावसाची करामत

आता लॅपटॉप. अ‍ॅस्ट्रोपाय या पायथन-संचातलं लॉम्ब-स्कार्गल पिरिओडोग्राम वापरा, म्हणजे कुठल्या आवर्तकालाची लय किती जोरदार आहे हे दाखवणारा आलेख. मापनं समान अंतरावर नसली तरी ते चालतं. शोध आवर्तकालाच्या नव्हे तर वारंवारतेच्या समान पायऱ्यांवर करा, आणि पायरी एकूण कालावधीच्या व्यस्ताच्या दहाव्या भागाएवढी ठेवा. दिवसांच्या समान पायऱ्या घेतल्या तर छोट्या आवर्तकालांची शिखरं हातातून निसटतात.

५९० दिवसांच्या आसपास उंच शिखर दिसेल. त्याच्याबरोबर दोन बुटकी शिखरंही दिसतील, एक सुमारे २२६ दिवसांवर, दुसरं सुमारे ९६० वर. हे आणखी ग्रह नव्हेत.

कारण पंचांगात आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुनर्वसू नक्षत्रात जातो. आपल्याकडे त्या पावसाला तरणा म्हणतात आणि त्यानंतरच्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. पेरणी झालेला शेतकरी त्या पंधरवड्यात आभाळाकडे बघत असतो, पण पॉलक्स बघू शकत नाही, कारण सूर्य त्याच्या शेजारून चाललेला असतो. जगातल्या कुठल्याही वेधशाळेला या काळात पॉलक्स मिळत नाही, मग तिथे पाऊस असो वा नसो. दरवर्षी त्याच महिन्यांत आकड्यांना भोक पडतं, आणि वर्षाची ही लय खऱ्या लयीत मिसळून खोटी शिखरं जन्माला घालते. ५९० चा व्यस्त आणि ३६५.२५ चा व्यस्त यांची बेरीज आणि वजाबाकी करून उलटवा, नेमके हेच दोन आकडे मिळतील. रोहिणीच्या मापनांत हेच भोक रोहिणी नक्षत्राच्या सरींच्या वेळी, मेअखेर-जूनमध्ये पडतं.

शंका असेल तर सगळे वेग १ एवढे धरून फक्त वेळांचा पिरिओडोग्राम काढा. त्यात जी शिखरं येतात ती तुमच्या वेळापत्रकाची.

शिखर योगायोगाचं नाही ना, हे बघायला वेळा तशाच ठेवून वेगांचे पत्ते पिसा आणि पुन्हा पिरिओडोग्राम काढा. असं दहा हजार वेळा. त्यांतल्या किती वेळा तेवढंच उंच शिखर आलं, ते मोजा. पॉलक्सच्या बाबतीत एकदाही येऊ नये. पण ही परीक्षा फक्त एवढंच सांगते की लय आहे. लय ग्रहाची आहे की ताऱ्याची, यावर ती गप्प असते. विद्यार्थी इथेच फसतात, आणि विद्यार्थीच कशाला.

कक्षा आणि वजन

कक्षा बसवणारं, रॅडवेलसारखं तयार पायथन-साधन घ्या. त्याला आवर्तकाल, आयाम, विमध्यता, ग्रह ताऱ्याच्या सर्वांत जवळ येतो ती वेळ आणि दिशा, प्रत्येक उपकरणाचं शून्य आणि प्रत्येक उपकरणाची जास्तीची विखुरणी एवढं शोधायला द्या. विमध्यता म्हणजे कक्षा किती लांबट आहे ते. जास्तीची विखुरणी दिली नाही, तर गणित ताऱ्याच्या थरथरीलाही ग्रहाच्या गळ्यात बांधतं आणि कक्षा उगाच लांबट दाखवतं.

हॅट्झेस यांच्या गटाचं २००६ चं उत्तर होतं: आवर्तकाल ५८९.६ दिवस, आयाम ४१ मीटर, विमध्यता जवळपास शून्य. वही उघडा. ४१ भागिले २८.४ म्हणजे १.४४. ताऱ्याचं वस्तुमान १.७ धरलं तर त्याचा दोन तृतीयांश घात १.४२. आवर्तकाल १.६१ वर्षं, घनमूळ १.१७. तिन्हींचा गुणाकार २.४. ग्रह गुरूच्या किमान २.४ पट. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अंतर १.६४ खगोलीय एकक येतं, म्हणजे आपल्या मंगळाच्या कक्षेच्या थोडं बाहेर.

‘किमान’ हा शब्द गाळू नका. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे वेगावरून कळत नाही, म्हणून खरं वस्तुमान याहून जास्त असू शकतं. आणि ताऱ्याचं स्वतःचं वस्तुमान राक्षसी ताऱ्यांच्या बाबतीत डळमळीत असतं. त्याच वर्षी साबिने रेफर्ट यांच्या गटाने १.८६ आणि थोडा मोठा आयाम धरून २.९ गुरू असं उत्तर दिलं. दोन्ही गट बरोबर होते.

आता तो ग्रह पाडून बघा

कालेय तारकासमूहात एल्टानिन नावाचा नारिंगी तारा आहे, गॅमा ड्रॅकोनिस. या ताऱ्याची लोकांना चकवण्याची सवय जुनी आहे. १७२५ मध्ये मॉलिन्यू आणि ब्रॅडली यांनी त्याचं अंतर मोजायला दुर्बीण रोखली. तारा हलला, पण भलत्याच दिशेला. पुढे ब्रॅडलीच्या लक्षात आलं की हा पृथ्वीच्या गतीमुळे येणारा प्रकाशाचा अपेरण परिणाम आहे.

एकविसाव्या शतकात त्याच ताऱ्याच्या वेगात ७०२ दिवसांची सुरेख लय सापडली, आयाम १४८ मीटर. २००३ ते २०११, आठ वर्षं, चार फेऱ्या. गणित म्हणत होतं १०.७ गुरूंचा ग्रह. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तो सहज पास झाला असता. मोजणाऱ्यांनी मापन थांबवलं नाही, एवढंच. २०११ ते २०१३ मध्ये लय गायब झाली. २०१४ मध्ये परतली, आवर्तकाल तोच, पण ठेका सरकलेला. ग्रह दोन वर्षं रजेवर जात नाही. २०१८ मध्ये हॅट्झेस आणि सहकाऱ्यांनी ही सगळी हकीकत छापली. या क्षेत्रातला माझा सगळ्यात आवडता निबंध तो, कारण त्यात ग्रह नाही. ही लय ताऱ्याच्या आतल्या कुठल्यातरी मंद स्पंदनाची असावी.

म्हणून तुमच्या ग्रहाला पुढील प्रश्न विचाराच.

आकडे वाढले तसं शिखर वाढत गेलं का? पहिली वीस मापनं घ्या, पिरिओडोग्राम काढा, मग एकेक मापन वाढवत जा. ग्रहाचं शिखर अधूनमधून किंचित डळमळेल, पण चढत जाईल. एल्टानिनचं २०११ नंतर खचलं.

आकड्यांचे काळानुसार दोन तुकडे केले, तर दोन्हींत आयाम आणि कला (लाट कुठल्या क्षणी शिखरावर येते ते) तीच येते का? रोहिणीचा ग्रह याच प्रश्नावर अडखळला.

तारा फिरायला किती दिवस घेतो? त्रिज्या सूर्याच्या पटीत घ्या, ५०.६ ने गुणा, रेषांच्या रुंदीवरून कळणाऱ्या फिरण्याच्या वेगाने भागा. पॉलक्ससाठी ९ आणि सेकंदाला २ किलोमीटर घातले तर २२८ दिवस, ही वरची मर्यादा. तुमचा आवर्तकाल या मर्यादेच्या आत असेल, तर पृष्ठभागावरचा डाग ताऱ्याबरोबर फिरून तुम्हाला बनवत असू शकतो. मात्र राक्षसी ताऱ्यांत फिरण्याची आणि उकळण्याची रुंदी वेगळी काढणं कठीण, म्हणून या उत्तरावर एकट्यावर विसंबू नका.

प्रकाश त्याच लयीत बदलतो का? हिपार्कोस उपग्रहाची प्रकाशमापनं १९८९ ते १९९३ या काळातली आणि मोफत आहेत. वर्णरेषांचा आकार त्याच लयीत वाकडा होतो का? ग्रह रेषा उचलून बाजूला ठेवतो, डाग ती कलती करतो. आणि अवरक्त वर्णपट मिळाला तर तिथेही आयाम तितकाच आहे का? ग्रहाला रंग कळत नाही. डागाला कळतो.

एका प्रकारचा ग्रह मात्र यातून लवकर सुटतो. आयोटा ड्रॅकोनिसच्या ग्रहाची विमध्यता ०.७ आहे. ५११ दिवसांतला बराच काळ वेग रेंगाळत बदलतो आणि ग्रह ताऱ्याजवळून जाताना काही आठवड्यांत ताडकन उलटतो. आयाम सुमारे ३०० मीटर. असा करवतीच्या दातासारखा आलेख स्पंदनाला काढता येत नाही. गोल कक्षेचा, साध्या लाटेसारखा दिसणारा ग्रह असेल तर जास्त घासा.

आणि ताक फुंकून पिण्याचीही किंमत असते, हेही सांगतो. वृषपर्वा तारकासमूहातल्या गॅमा सेफेई या नारिंगी, फुगू लागलेल्या ताऱ्याभोवती ग्रह असावा, असं कॅम्बेल, वॉकर आणि यांग यांनी १९८८ मध्ये सुचवलं होतं. पुढे हा ताऱ्याच्या फिरण्याचा खेळ असावा असं वाटून १९९२ मध्ये त्यांनी पाऊल मागे घेतलं. २००३ मध्ये तोच ग्रह, अडीच वर्षांच्या आवर्तकालाचा, पक्का झाला.

पॉलक्सकडे परत

पॉलक्सवर २५ वर्षांची मापनं, पंधराहून अधिक फेऱ्या, सगळ्या एका ठेक्यात. म्हणून तो मान्य झाला, आणि २०१५ मध्ये ग्रहाला थेस्टिआस हे नावही मिळालं. पण २०२१ मध्ये मिशेल ओरिएर यांच्या गटाने पॉलक्सचं चुंबकीय क्षेत्र मोजून एक खडा टाकला. एका गॉसहूनही क्षीण असलेलं ते क्षेत्र सुमारे ६६० दिवसांच्या लयीत बदलतं, त्रुटी पंधरा दिवसांची. ५९० नव्हे, पण फार लांबही नाही, म्हणजे वेगाची लयही ताऱ्याचीच असू शकते. त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच ग्रहाला ‘संभाव्य’ म्हटलं.

ही गोष्ट तुमच्या लॅपटॉपवर तपासण्याजोगी आहे. ५९० आणि ६६० दिवसांच्या दोन लाटा एकत्र सुरू केल्या, तर सुमारे पंधरा वर्षांत एक दुसरीच्या पूर्ण एक फेरा पुढे जाते. वेगाचे आकडे १९८१ पासून आहेत. त्यांचे तीन तुकडे करा, प्रत्येकात आवर्तकाल ६६० वर बांधून कला शोधा, मग ५९० वर बांधून पुन्हा शोधा. कुठली कला तिन्ही तुकड्यांत जागची हलत नाही ते बघा. तरणा आणि म्हातारा दोन्ही बरसून जाईपर्यंत तसंही नवं मापन मिळणार नाही. ऑक्टोबरात पॉलक्स पहाटे पुरेसा वर येतो, तोवर हे काम होऊन जाईल.